नागिणीनंतरची आग आणि बधिर करणारं मलम : किती, कुठे, किती वेळ?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, मिरजेला असते. दिवाळीनंतर तिला नागीण झाली, डाव्या कुशीपासून पाठीपर्यंत पट्टाच्या पट्टा. पहिले तीन दिवस घरी गेरूचा लेप चालला होता आणि मला पुण्याला कुणी कळवलंच नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. फोड सुकले, खपल्या पडल्या, त्यालाही आता दोन महिने होऊन गेले. कातडी वरून बरी दिसते, पण आग काही जात नाही.

ब्लाउजची कड लागली तरी चटका बसल्यासारखी दचकते. बाबांचा जुना मलमलचा सदरा उलटा करून घालते, शिवण अंगाला लागू नये म्हणून. पदर दोन बोटांनी अंगापासून लांब धरून घरभर फिरते. नवल म्हणजे त्याच जागी तळहात घट्ट दाबून धरला तर तिला बरं वाटतं. हलका स्पर्श मात्र सोसत नाही.

शेजारच्या काकूंनी बधिर करणाऱ्या जेलीची ट्यूब आणून दिली. "भरपूर चोपड, वरून पॉलिथिन गुंडाळ, म्हणजे आत मुरेल," असं सांगितलं. आईने दोनदा लावलीसुद्धा, एकदा तर वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली. अर्धा-पाऊण तास बरं वाटलं म्हणते. माझ्या मनाला हे पटत नाहीये, पण रात्र रात्र जागणाऱ्या बाईच्या हातातून ट्यूब काढून तरी कशी घ्यायची? कुणाला अनुभव असेल तर सांगा. लावू द्यावी का? किती? आणि जखम भरलेली असेल तर चालतं का?

आबोली
पॉलिथिन आणि शेक आजच बंद करा. बाकीचं नंतर बोलू. माझा अनुभव खाली सविस्तर लिहिते.

शेवंतीचा मळा
ताई, आईंना फार सोसावं लागतंय हो. माझ्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं, कपाळावर. उशीला डोकं टेकवत नव्हते. सदरा उलटा घालायची युक्ती लक्षात ठेवते.

आबोली
मागच्या वर्षी पायांचे केस लेसरने काढून घेणार होते. त्या ठिकाणच्या बाईंनी एक डबी दिली, म्हणाल्या घरूनच दोन्ही पायांना लावून या, वर स्वयंपाकाची पारदर्शक फिल्म गुंडाळा, म्हणजे इथे वेळ जाणार नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत जाड थर दिला, फिल्म गुंडाळली, वर सलवार घातली आणि एप्रिलच्या दुपारी रिक्षात बसले.

वीस मिनिटांत ओठांभोवती मुंग्या आल्या. मग जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव. मग कानात शिट्टी वाजायला लागली. मला वाटलं ऊन लागलं. रिक्षावाल्या दादांशी बोलताना जीभ जड झाली तेव्हा मात्र घाबरले. त्यांनीच जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने आधी फिल्म फाडली, ओल्या टॉवेलने पाय पुसून काढले आणि मगच नाव-गाव विचारलं. चार तास हृदयाचा आलेख लावून झोपवून ठेवलं होतं. डबीवर ना औषधाचं नाव, ना टक्के. ती बाई वाईट नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की हे मलम म्हणजे व्हॅनिशिंग क्रीमचाच एक प्रकार.

भूलवैद्य
आबोली, तुम्ही वाचलात आणि त्या सिस्टरला सलाम. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं, ओठांच्या मुंग्या, धातूची चव आणि कानातला आवाज, म्हणजे औषध रक्तात वाजवीपेक्षा जास्त पोचल्याच्या पहिल्या खुणा. त्यापुढे गुंगी, झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं. अमेरिकेत लेसरच्या आधी पायांना असंच मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी, एक २२ वर्षांची आणि एक २५ वर्षांची, झटके येऊन बेशुद्ध झाल्या आणि गेल्या. तिथल्या औषध प्रशासनाने २००७ साली त्यावर जाहीर इशारा दिला. ती मलमं औषधाच्या दुकानात जास्त तीव्रतेची बनवून दिलेली होती.

आता कृष्णाकाठची, तुमच्या प्रश्नाकडे येतो. जरा लांबण लागेल.

मज्जातंतूतून निरोप पुढे सरकायचा तर त्यावरची सोडियमची बारीक दारं उघडावी लागतात. लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणाऱ्या जेलीत-मलमात सहसा असतं ते औषध, ती दारं बंद धरून ठेवतं. त्यालाच परदेशात लिडोकेन म्हणतात, औषध तेच. निरोप मेंदूपर्यंत जात नाही, म्हणून दुखत नाही. पण तसलीच दारं मेंदूत आणि हृदयातही आहेत. औषध कातडीत राहिलं तर उपकार, रक्तात जास्त गेलं तर घात. ते रक्तात किती जाणार हे ट्यूबवरचे टक्के एकटे ठरवत नाहीत. किती जागेवर लावलं, किती वेळ ठेवलं, वर झाकलं का, उष्णता दिली का आणि कातडी धड आहे का, हे सगळं मिळून ठरतं. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर हा आपला उंबरठा. खरचटलेल्या, सोललेल्या, इसब झालेल्या कातडीला उंबरठाच नसतो. आईंच्या फोडांवर, ओल्या असताना, हे लावलं नाही हे फार चांगलं झालं.

हिशेब असा धरा. ५ टक्के मलमाच्या १ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम औषध, २ टक्के जेलीच्या १ ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मोठ्या माणसाला ५ टक्के मलम एका वेळी ५ ग्रॅमच्या वर लावू नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब चोपडली तर १५०० मिलिग्रॅम होतात. "भरपूर" हा शब्द इथे चालत नाही.

आईंना जी आग होते आहे, ती कातडीची नाही, मज्जातंतूची आहे. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मणक्याजवळच्या मज्जातंतूच्या मुळाशी निजलेला असतो. म्हातारपणी तो उठतो आणि ती एक नस पोळून काढतो. म्हणूनच पट्टा, आणि म्हणूनच एकाच अंगाला. फोड गेले तरी पोळलेली नस खोटे निरोप पाठवत राहते. त्यासाठी ५ टक्के लिग्नोकेनचे पॅच मिळतात. भरलेल्या, अखंड कातडीवर लावायचे, २४ तासांत फक्त १२ तास ठेवायचे, मग १२ तास कातडीला सुट्टी. एका वेळी तीनपेक्षा जास्त नाहीत. त्यातलं फार थोडं, शंभरात तीनेक भाग, रक्तात जातं. त्यावर शेकाची पिशवी, इलेक्ट्रिक पॅड काही नको. जेली तासाभरात उतरते आणि माणूस पुन्हा पुन्हा लावत बसतो, पॅचचा हिशेब तरी राहतो. पण डॉक्टरांना दाखवूनच. आईंना यकृताचा त्रास किंवा हृदयाचे ठोके नियमित ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

गोदाकाठचा केमिस्ट
भूलवैद्य साहेबांच्या बोलण्यात एक भर. दुकानात लोक "सुन्न करायचं मलम द्या" एवढंच म्हणतात. तीन वेगळ्या गोष्टी असतात. साधं लिग्नोकेन. दुसरं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेन अडीच-अडीच टक्के मिसळलेलं, सुई टोचायच्या आधी लावतात ते. तिसरं बेंझोकेनचं, तोंडातल्या छाल्यांचं जेल. नावं सारखी, वागणूक वेगळी. मागताना रिकामी ट्यूब घेऊन या, फोटो तरी आणा.

पेठेतला काका
सगळं वाचलं. पण एवढं घाबरवण्याचं कारण दिसत नाही. मी मूळव्याधीला असलं मलम दहा वर्षं लावतो आहे, ठणठणीत आहे. आणि नागिणीला गेरू, चंदन, दूर्वांचा रस हे आपल्याकडे शेकडो वर्षं लावत आले आहेत. आमच्या गावी एक जण नागीण उतरवायचा, माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवावी लागते.

डोंगरवाट
काका, रागावू नका, पण नागीण दोन-चार आठवड्यांत बहुतेकांची आपोआपच सुकते. उतरवणाऱ्याला श्रेय मिळतं ते त्यामुळे. जे त्यातून जात नाही ते हे, कृष्णाकाठच्या आईंना आता जे होतंय ते.

भूलवैद्य
काका, तोंड-शेपटीबद्दल. ती नस शरीराच्या मधल्या रेषेशी संपते, म्हणून पट्टा सहसा तिथेच थांबतो. विळखा पूर्ण झाला म्हणून माणूस जात नाही. पण त्या भीतीपोटी लोक आधी मंत्राकडे पळतात आणि पहिले तीन दिवस हातातून जातात. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग. ओल्या फोडांवर माती-गेरू म्हणजे जंतूंना आमंत्रण, शिवाय खाली काय चाललंय ते डॉक्टरला दिसत नाही. आणि शेवंतीताई, सासऱ्यांना कपाळावर होती म्हणालात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका समजायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

मूळव्याधीचं मलम दहा वर्षं? काका, मनापासून सांगतो, एकदा तपासून घ्या. ही मलमं आठवडाभरासाठी असतात. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइडही असतं, त्याने तिथली नाजूक कातडी पातळ होते. आणि दुखणं बधिर झालं की रक्त कशामुळे जातंय हे कुणी बघतच नाही.

पेठेतला काका
रक्त अधूनमधून जातं. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. बघतो.

आबोली
काका, बघतो नाही. या आठवड्यात जा.

थेंबाथेंबाने
मला या मलमाची दुसरी बाजू लिहायची आहे, कारण धागा वाचून कुणी लहान मुलाचं मलम बंद करू नये.

माझा मुलगा सहा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आधी दवाखान्याचा जिना दिसला की तो रिक्षाचा दांडा धरून ठेवायचा. दोन माणसं धरायला लागायची, आणि त्या ओढाताणीत शीर सापडायची नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी प्रिलोकेनवालं मलम लिहून दिलं. घरून निघायच्या आधी दोन्ही हातांच्या पाठीवर, डॉक्टरांनी शीर दाखवून ठेवली आहे तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा जाड ठिपका. पसरायचा नाही, चोळायचा नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी. त्या पट्टीवर मी बॉलपेनने वेळ लिहितो, ८.१०. तासाभराने, म्हणजे ९.१० ला, पुसून टाकायचं. खालची कातडी पांढरी फटक पडते, पहिल्यांदा मी घाबरलो होतो, ते नेहमीचंच आहे.

तो त्याला "जादूची साय" म्हणतो. आता सुई जाताना तो स्वतः बघतो आणि सिस्टरला विचारतो, "गेली का?" मला तिथे उभं राहून रडू येतं अजूनही. पण प्रमाण डॉक्टरांनी वजन बघून दिलंय, आणि पट्टी लावल्यावर हात तोंडात किंवा डोळ्यात जाऊ नये म्हणून वरून मोजा घालतो.

जर्सीकर
थेंबाथेंबाने, तुमच्या लेकाला खूप खूप प्रेम. इकडे अमेरिकेत लिग्नोकेनचे ४ टक्क्यांचे पॅच किराणा दुकानात टांगलेले असतात, ५ टक्क्यांना चिठ्ठी लागते. सहज मिळतात म्हणून लोक एक पाठीला, एक गुडघ्याला, एक खांद्याला लावतात आणि वरून इलेक्ट्रिक ब्लँकेट घेऊन झोपतात. मीही तेच केलंय. आज रात्रीपासून बंद.

सानुलीची आई
बाळाला दात येताना हिरड्यांना जेल लावतात ते यातलंच का? सासूबाईंनी आणलंय. सानू नऊ महिन्यांची आहे.

भूलवैद्य
लावू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला बेंझोकेन नकोच. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते प्राणवायू सोडेनासं होतं. ओठ-नखं निळी-करडी होतात, रक्त चॉकलेटी दिसतं, बोटाला लावायचं प्राणवायू मोजायचं यंत्र ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसतं आणि प्राणवायू लावला तरी वर येत नाही. प्रिलोकेननेही हे होऊ शकतं, म्हणून तान्ह्या बाळांना ते हिशेबानेच देतात. डॅप्सोनच्या (कुष्ठरोगावर देतात त्या) गोळ्या चालू असलेल्यांनीही हे आधी सांगावं. लिग्नोकेनचं जेलही बाळाच्या हिरड्यांना नको. घसा बधिर झाला की दूध श्वासनळीत जातं. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळा, गार ओला फडका चावायला द्या. सासूबाईंना रागाने नका सांगू, त्यांनी नातीच्या कळवळ्यानेच आणलंय.

सानुलीची आई
ट्यूब टाकून दिली. सासूबाईंनीच टाकली, त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला.

डोंगरवाट
थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आमच्या रायगडात विंचू चावल्यावर हीच जेली चोळायची पद्धत पडायला लागली आहे, कारण डॉक्टर त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देतात हे लोकांनी पाहिलंय. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्य त्यात घातलं. प्राझोसिन या गोळीने माणसं वाचतात हे त्यांनी दाखवलं, १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. माझ्या चुलतभावाला भाताच्या भाऱ्यात विंचू लागला तेव्हा घरच्यांनी जेली लावून त्याला निजवलं होतं. घाम सदऱ्यातून निथळत होता, हातपाय गार पडलेले. कळ कमी झाली म्हणून सगळे निर्धास्त. मी बॅटरी धरून पाहिलं आणि तसाच उचलून मोटरसायकलवर घातला. तो वाचला. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले तर कळ असो-नसो, निघायचंच.

शेवंतीचा मळा
अंगाला खाज सुटते त्यावर चालतं का हे? मला बिब्बा उतला होता, रात्रभर खाजवून जीव नकोसा झाला होता.

गोदाकाठचा केमिस्ट
शेवंतीताई, बिब्ब्यावर बेंझोकेन तर अजिबात नको, त्याचीच ॲलर्जी येऊन उतलेलं दुप्पट होतं. खाजेचं कारण आधी शोधा. जांघेत गोल कडा असलेलं गजकर्ण, घरात सगळ्यांना रात्री सुटणारी खरूज, म्हाताऱ्या माणसांची कोरडी कातडी, प्रत्येकाचं औषध वेगळं. बधिर करून गजकर्ण मरत नाही, आतल्या आत पसरतं. रोज पाच-सात जण "खाजेचं क्रीम" मागायला येतात आणि मी रोज सांगतो, चिठ्ठी आणा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. जाऊ दे.

कालची पोर
लिग्नोकेन सापडलं कसं याची गोष्ट फार आवडती आहे म्हणून लिहिते. स्टॉकहोममध्ये बार्लीतल्या एका द्रव्यावर काम चालू होतं. तिथल्या एका रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत तयार केलेला नमुना जिभेवर ठेवला आणि जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून पुढे नील्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या दोघांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन बनवलं. लुंडक्विस्टने ते स्वतःच्या अंगात टोचून पाहिलं. १९४८ पासून बाजारात आलं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आले आहे.

मिरजेच्या डॉक्टरांना भेटलो. आधी त्यांनी आईची जागा कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसून पाहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, "आजी, हे तुमच्या मनाचं नाही हं." आई तिथेच रडली. दोन महिने घरातले सगळे, मीसुद्धा, तिला "आता फोड गेलेत ना, लक्ष देऊ नकोस" म्हणत होतो.

रात्रीची एक गोळी दिली आहे, छोट्या मात्रेची, उठताना भोवळ येऊ शकते म्हणून पलंगाशेजारी कठडा धरून उठायचं असं सांगितलं. आणि पॅच. पट्ट्याच्या आकाराप्रमाणे कात्रीने कापायचा, मागचा कागद काढायच्या आधी. रात्री ९ ला लावायचा, सकाळी ९ ला काढायचा. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर ल आणि क लिहिते. पहिले चार दिवस फरक नव्हता. सहाव्या रात्री तीन तास सलग झोपली. आग पूर्ण गेलेली नाही, डॉक्टर म्हणाले महिनेही लागतील. पण परवा तिने चादर अंगावर घेतली. पॉलिथिन आणि पिशवी दोन्ही काकूंसमोरच बाजूला ठेवली, काकूंना वाईट वाटलं नाही, त्यांनीच आता त्यांच्या यजमानांसाठी लसीची चौकशी केली आहे. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस असतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरी महाग आहे.

पेठेतला काका
जाऊन आलो. दुर्बिणीने तपासलं. एक गाठ निघाली, काढली, तपासायला पाठवली होती. साधी निघाली. मलम बंद.

आबोली
काका!!! किती बरं वाटलं वाचून.

थेंबाथेंबाने
कृष्णाकाठची, आजींना आमच्या लेकाकडून नमस्कार. त्याने विचारलंय, आजीच्या जादूच्या सायीवर वेळ कोण लिहितं?

कृष्णाकाठची
त्याला सांगा, आजी स्वतःच लिहिते. एक शेवटचं विचारायचं राहिलं. काढलेला पॅच कुठे टाकायचा? भाऊ पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन येतोय, ते रांगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं.

भूलवैद्य
बरं झालं विचारलंत. बारा तासांनीही त्यात बरंच औषध उरलेलं असतं, बाळाने किंवा कुत्र्याने चघळलं तर जिवावर बेतेल. चिकट बाजू आत येईल असा दुमडा, कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात, उंचावर. नवी पाकिटंही तिथेच. आणि पॅच लावल्यावर-काढल्यावर आईंनी हात साबणाने धुवावेत, मग नातवाला घ्यावं.